खणाखणाने वाढणारे घर

मावळ तालुक्यातील सुदुंबरे हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीमुळे. तुकोबारायांचे अभंग ज्यांनी लिहून ठेवले असे परंपरा सांगते, त्या संताजींच्या गावाकडे वारकऱ्यांची पावले आजही श्रद्धेने वळतात. मात्र गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या परिसराला आणखी एक ओळख मिळाली आहे. एका बाजूला चाकणची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला तळेगावची आणि या दोहोंना जोडणाऱ्या रस्त्यावर अवजड वाहनांची न संपणारी रांग. कारखाने आले, त्यांच्यासाठी भूखंड आखले गेले, वीज आली, पाण्याच्या वाहिन्या आल्या. या कारखान्यांत राबण्यासाठी मराठवाडा, विदर्भ, खानदेशापासून उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशापर्यंतची माणसे आली. ही माणसे रात्री पाठ कोठे टेकणार, याचा आराखडा मात्र कोणाच्याही कागदावर नव्हता.

शासनाने जे योजले नाही, ते समाजाने आपल्या कुवतीप्रमाणे उभे केले. जमीन असलेल्या शेतकऱ्याने घरामागच्या जागेत पत्र्याच्या चार खोल्या काढल्या. त्या भरल्या तशा आठ झाल्या, मग त्यांवर स्लॅब पडला. चार पैसे गाठीला बांधलेल्या कामगाराने गुंठा-अर्धा गुंठा जागा घेतली आणि सणाला, बोनसला, भिशी लागली की एकेक भिंत चढवली. चाकणपासून तळेगावपर्यंतच्या पट्ट्यातील घरांचा हा आजचा इतिहास आहे. तो आज ज्या टप्प्यावर आहे, तेथेच त्याला दिशा दिली नाही, तर पुढे काय होते, हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या शहरांच्या पोटातील अनेक सेवावस्त्याही कधीकाळी अशाच शिवारात, अशाच चार पत्र्यांनी सुरू झाल्या होत्या.

पाडा आणि बांधा

झोपडपट्टीच्या प्रश्नावर आपल्याकडे गेली तीन दशके एकच उत्तर प्रतिष्ठा पावले आहे. वस्ती पाडायची, रहिवाशांना उंच इमारतीत हलवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेवर विकासकाने विक्रीच्या सदनिका बांधून खर्च भरून काढायचा. मुंबईत १९९५ साली स्थापन झालेले झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आणि पुढे २००५ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवडसाठी झालेले प्राधिकरण, ही या विचाराची यंत्रणा. या योजनेतून हजारो कुटुंबांना हक्काचे पक्के घर मिळाले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु योजनेचे इंजिन जमिनीच्या भावावर चालते. जेथे भाव चढा, तेथे विकासक धावतो. जेथे भाव बेताचा, तेथील वस्ती वर्षानुवर्षे सर्वेक्षणाच्या क्रमांकावरच समाधान मानते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील झोपडपट्टीवासीयांची संख्या सुमारे १ कोटी १८ लाख नोंदली गेली. देशात ती सर्वाधिक होती. एवढ्या लोकसंख्येला जमिनीच्या बाजारभावाच्या भरवशावर सोडणे म्हणजे बहुसंख्यांना रांगेतच ठेवणे होय.

आणि ज्यांना इमारत मिळाली, त्यांचे सारे प्रश्न सुटले असेही नाही. जमिनीवरच्या घरात पापड वाळवायला ओटा असतो, शिवणयंत्राला उंबऱ्याजवळचा उजेड असतो, दारात भाजीची पाटी मांडता येते. सातव्या मजल्यावर यांतले काहीच राहत नाही. उद्वाहक बंद पडला की वृद्ध माणूस घरात अडकतो. देखभालीचा खर्च दर महिन्याला येतो आणि मिळकत मात्र तेवढीच, किंबहुना उंबऱ्यावरचा धंदा गेल्याने घटलेली. मुलगा लग्नाचा झाला तर खोली वाढवायची कोठे? इमारतीतील सदनिका पहिल्या दिवशी पूर्ण असते आणि कायमची तेवढीच राहते. कुटुंब मात्र वाढत असते.

आपल्या समाजाला घराची ही दुसरी रीत नवी नाही. खेड्यात घराचे माप चौरस फुटांत नव्हे, खणांत सांगितले जाई. दोन खणांचे घर, पाच खणांचे घर. पहिल्या पिढीने दोन खण उभे करावेत, पुढच्या पिढीने पडवी काढावी, सुगी चांगली झाली की माळवद घालावे, अशी घराची वाढ कुटुंबाच्या वाढीला जोडलेली होती. ‘घर पाहावे बांधून’ या म्हणीत त्या कामाच्या कष्टांची आठवण आहे, तशीच घर ही बांधणाऱ्याने स्वतः पाहण्याची गोष्ट आहे, ही जाणही आहे. सेवावस्तीतील माणूस आजही याच रीतीने घर बांधतो. फरक इतकाच की त्याच्या पायाखालची जमीन अनिश्चित असते, गल्लीत गटार नसते आणि कॉलम किती जाडीचा हवा, हे सांगणारा जाणकार त्याला परवडत नाही. या तीन उणिवा दूर केल्या, तर उरलेले घर तो स्वतः उभे करतो. या विधानाचा पुरावा सुदुंबऱ्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर, येरवड्यात उभा आहे.

येरवड्याचा धडा

डिसेंबर २००५ मध्ये केंद्र शासनाने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केले. त्यात शहरी गरिबांसाठी मूलभूत सुविधांचा स्वतंत्र विभाग होता. बहुतेक शहरांनी तो निधी घेऊन शहराबाहेर चार-पाच मजली इमारती बांधल्या. पुणे महापालिकेने त्याच्या जोडीला निराळी वाट निवडली. वस्ती जेथे आहे तेथेच ठेवायची, पक्क्या घरांना हात लावायचा नाही आणि कच्ची घरे तेवढी एकेक करून नव्याने बांधायची. येरवड्यातील यशवंतनगर, नेताजीनगर, मदर तेरेसानगर अशा वस्त्या त्यासाठी निवडल्या गेल्या. काम स्वयंसेवी संस्थांमार्फत झाले. त्यांत महिला मिलन हे वस्तीतील बचत गटांतून उभे राहिलेले स्त्रियांचे संघटन आणि त्याच्या पाठीशी असलेली ‘स्पार्क’ ही संस्था प्रमुख होती.

आर्थिक चौकट साधी होती. एका घरासाठी तीन लाख रुपये धरले गेले. त्यातील पन्नास टक्के केंद्राचे, तीस टक्के राज्याचे, दहा टक्के महापालिकेचे आणि उरलेले दहा टक्के, म्हणजे तीस हजार रुपये, कुटुंबाचे स्वतःचे. घराचे चटईक्षेत्र २७० चौरस फूट. याहून अधिक बांधायचे असेल तर तो खर्च कुटुंबाने करायचा.

खरी नवलाई होती ती आराखड्याच्या पद्धतीत. २००९ च्या सुमारास फिलिप बालेस्ट्रा आणि सारा योरान्सन या दोन तरुण वास्तुविशारदांनी वस्तीतील बायकांबरोबर बसून घराचे काही नमुने तयार केले. एका नमुन्यात घर दोन मजल्यांचे, पण पाया आणि कॉलम तिसऱ्या मजल्याचा भार पेलतील असे. दुसऱ्यात तळमजला मोकळा, पुढे तेथे दुकान काढता यावे किंवा वाहन उभे करता यावे यासाठी. तिसऱ्यात मधला मजला रिकामा सोडलेला, सवडीने भिंती घालून घेण्यासाठी. घराचा सांगाडा आज मजबूत करून ठेवायचा आणि उरलेले घर कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे भरत जायचे, हे त्यामागचे सूत्र. कागदावरचा नकाशा ज्यांना वाचता येत नव्हता, त्यांच्यासाठी खऱ्या मापाचे कापडी घर उभारून दाखवले गेले. जिना कोठे आला, मोरी कोठे, ओटा किती उंच, हे बायकांनी आत उभे राहून पाहिले आणि बदल सुचवले.

पुढे प्रत्यक्ष बांधकामात पुण्याचे वास्तुविशारद प्रसन्न देसाई यांनी ही सूत्रे जमिनीवर उतरवली. वस्तीतील जागा चौकोनी नसतात. कोणाचे घर त्रिकोणी, कोणाचे दीडशे चौरस फुटांचे. म्हणून जवळपास प्रत्येक घराचा विचार स्वतंत्रपणे करावा लागला. ज्याची जागा लहान, त्याचे घर वर चढले. काही ठिकाणी दोन-तीन शेजाऱ्यांनी आपल्या जागा एकत्र करून एकच इमारत उभी केली. गल्लीला मोकळी हवा मिळावी म्हणून भिंत थोडी मागे घ्यावी लागली, तर तो निर्णय त्या गल्लीने बसून घेतला. शेजार तुटला नाही, मुलांची शाळा बदलली नाही, कामाचे ठिकाण दूर गेले नाही.

या प्रयोगाच्या मर्यादाही झाकून ठेवता कामा नयेत. काम संथ चालले. बांधकाम चालू असताना भाड्याने राहण्याचा खर्च कुटुंबांनाच सोसावा लागला. तीस हजारांचा वाटाही काहींना जड गेला. साहित्याचे भाव वाढत गेले आणि मंजूर रक्कम तीच राहिली. जमिनीच्या हक्काचा प्रश्न पूर्णपणे सुटला नाही. अभियान संपले आणि त्याबरोबर तेथे जमलेले कसब, जमलेली माणसेही पांगली. जो प्रयोग शहराची रीत व्हायला हवा होता, तो एक प्रकल्प होऊन राहिला. त्यातून घेण्याचा धडा एवढाच की अशा कामाला पाच वर्षांची योजना पुरत नाही. वस्तीत कायम बसणारी व्यवस्था लागते.

किल्लारीने काय शिकवले

‘लोकांच्या हाती बांधकाम दिले तर पैसा वाया जाईल,’ अशी शंका नेहमी घेतली जाते. ती शंका महाराष्ट्रात तीस वर्षांपूर्वीच तपासली गेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर-धाराशिव जिल्ह्यांतील गावे उद्ध्वस्त झाली. त्यानंतर पुनर्वसन दोन रीतींनी झाले. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. तेथे घरे मुख्यतः कंत्राटदारांनी व संस्थांनी बांधली. रुंद रस्ते आणि सरळ रांगांची ती गावे नगरासारखी दिसली, पण गल्ली, वाडा आणि चावडी यांच्या जुन्या नात्याला त्या आखणीत जागा उरली नाही.

जेथे हानी कमी होती, तेथे मात्र घरमालकालाच टप्प्याटप्प्याने रक्कम दिली गेली. अभियंत्याने मार्गदर्शन करायचे, गवंड्याला भूकंपरोधक बांधणीचे शिक्षण द्यायचे आणि काम मालकाने आपल्या देखरेखीखाली करून घ्यायचे. गावागावांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ नेमून घरमालक आणि शासन यांच्यातील दुवा केले गेले. अशा रीतीने सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. ज्याला त्या घरात झोपायचे आहे, त्याच्याइतका दक्ष देखरेख्या दुसरा नसतो, हे त्या कार्यक्रमाने दाखवून दिले.

याच सूत्रावर इतरत्रही कामे उभी राहिली आहेत. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या दशकात इंदूरजवळ अरण्य ही वसाहत आखली. तेथे गरीब कुटुंबाला पूर्ण घर न देता भूखंड, जोते आणि स्वच्छतागृह व नळ असलेला एक गाभा दिला गेला आणि पुढचे घर त्याने बांधावे अशी योजना होती. या कामाला १९९५ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी त्याच दशकात अंगणाभोवतीची अशी घरे रचली की एकाचे वाढीव बांधकाम दुसऱ्याच्या भिंतीला अडू नये. चिलीमध्ये आलेहांद्रो अरावेना यांनी २००४ साली इकिके शहरातील सुमारे शंभर कुटुंबांना अर्धे घर बांधून दिले आणि अर्धी जागा त्यांच्या वाढीसाठी मोकळी ठेवली. जगाने २०१६ मध्ये प्रिट्झकर पुरस्कार देऊन ज्या विचाराचा गौरव केला, तो आपल्या खणाखणाच्या घराहून फारसा निराळा नाही.

केंद्राच्या धोरणानेही हळूहळू हेच वळण घेतले आहे. जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या शहरी पंतप्रधान आवास योजनेत चार घटक होते. विकासकाच्या साहाय्याने झोपडपट्टीचा जागेवरच पुनर्विकास, हा त्यातील एक. स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणाऱ्यास दीड लाख रुपयांचे केंद्रीय साहाय्य, हा दुसरा. मंजूर झालेल्या घरांपैकी निम्म्याहून अधिक या दुसऱ्या घटकातील निघाली. सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या योजनेच्या दुसऱ्या पर्वातही हा घटक कायम आहे. लोकांनी आपला कौल दिला आहे. अडसर आहे तो ‘स्वतःच्या जागेवर’ या शब्दांचा. ज्याच्या जागेला कागद नाही, त्याला हे साहाय्य मिळत नाही आणि सेवावस्तीतील बहुतेकांची अडचण नेमकी तीच असते.

सुदुंबरे परिसराचा प्रश्न

आता पुन्हा मावळाकडे वळू. येथे परिस्थिती येरवड्याहून दोन बाबतींत वेगळी आहे. पहिली बाब जमिनीची. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे गुंठा-दोन गुंठ्यांचे व्यवहार रीतसर नोंदवता येत नव्हते. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. एवढ्या जागेत एका कामगार कुटुंबाचे सुखाचे घर होते. पण कायद्याच्या लेखी तो व्यवहार अस्तित्वातच नसे. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवण्यात आली. जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी विधानसभेत शहरी प्रभावक्षेत्रातील एक गुंठ्यापर्यंतच्या तुकड्यांसाठी तुकडेबंदी शिथिल करण्याची घोषणा केली. दिशा योग्य आहे. परंतु केवळ शुल्क भरून कागद नियमित केला आणि गल्ली नऊ फुटांचीच राहिली, सांडपाणी ओढ्यातच गेले, तर झोपडपट्टीला अधिकृत शिक्का तेवढा मिळेल. नियमितीकरण ही गल्लीने एकत्र येऊन आपला आराखडा करण्याची संधी मानली पाहिजे. कोणाची भिंत दोन फूट मागे जाईल, वाहिनी कोठून जाईल, अग्निशमनाचे वाहन कोठपर्यंत पोहोचेल, हे ठरवूनच कागद हाती पडावा.

दुसरी बाब भाडेकरूंची. येरवड्यात राहणारा आणि बांधणारा एकच होता. मावळात खोली बांधणारा गावकरी आहे आणि राहणारा परगावचा कामगार. ज्या शेतकऱ्याची जमीन उद्योगासाठी गेली, त्याच्या घरात आज चूल पेटते ती अनेकदा या भाड्यावर. त्यामुळे खोल्या पाडण्याची भाषा अन्यायाची ठरेल. पण एका खोलीत पाच-सहा जण, रांगेतल्या पंधरा खोल्यांना दोन शौचालये आणि उन्हाळ्यात तापणारा पत्रा, ही स्थितीही कोणत्याही सुसंस्कृत समाजाला शोभणारी नाही. येथेही टप्प्याटप्प्याची वाटच उपयोगी पडेल. ग्रामसभेने भाड्याच्या खोल्यांसाठी किमान निकष ठरवावेत. समोरासमोर दोन झरोके, ठरावीक खोल्यांमागे एक शौचालय, योग्य मापाची शोषटाकी, बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग. पहिल्या वर्षी शौचालय, दुसऱ्या वर्षी छत, तिसऱ्या वर्षी सांडपाणी, असा क्रम आखावा आणि तो पाळणाऱ्याला घरपट्टीत सवलत द्यावी. कामगारांच्या श्रमावर ज्यांचा व्यवसाय उभा आहे, त्या उद्योगांनी सामाजिक दायित्वाच्या निधीतून यातील सार्वजनिक कामांचा भार उचलावा.

यातला विलंब किती महाग पडतो, याची आठवण या परिसराला वेगळी करून देण्याची गरज नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी वाहिनी सुदुंबऱ्यातच आहे. ऑगस्ट २०२० मध्ये महाडला पाच मजली इमारत कोसळून १६ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा दलाच्या तुकड्या पुण्याहूनच धावल्या होत्या. त्याआधी एप्रिल २०१३ मध्ये मुंब्रा परिसरात बेकायदा इमारत पडली आणि ७४ जणांचा बळी गेला. घरांची गरज प्रचंड, परवानगीची वाट बंद आणि जाणकाराचा सल्ला नाही, या तिन्हींच्या संगमावर अशा इमारती उगवतात. चाकण-तळेगाव पट्ट्यातही चार खोल्यांवर मजले चढू लागले आहेत. त्या कॉलमांत किती सळई आहे, हे आज पाहिले तर पुढे ढिगारा उपसण्याची वेळ येणार नाही.

आक्षेप आणि उत्तर

या मार्गावर दोन गंभीर आक्षेप आहेत. पहिला असा की वस्ती जागेवरच सुधारली तर अतिक्रमणाला उत्तेजन मिळेल. यात तथ्य आहे आणि म्हणून नदीचे पात्र, पूररेषा, डोंगरउतार आणि सार्वजनिक आरक्षणे याबाबत तडजोड नको. तेथील कुटुंबे हलवावीच लागतील, मात्र जवळच्या जागी आणि शेजाऱ्यांसह. पण अतिक्रमण जन्मते ते कामगाराला परवडणारी कायदेशीर जागा उपलब्ध नसल्यामुळे. औद्योगिक वसाहत आखतानाच निवासी छोटे भूखंड आखले असते, तर निम्मे अतिक्रमण झालेच नसते.

दुसरा आक्षेप जमिनीच्या टंचाईचा. उंच इमारतीशिवाय एवढी माणसे मावणार कशी? मुंबईच्या काही भागांत हा प्रश्न खरा आहे आणि तेथे इमारतीला पर्याय नाही. परंतु येरवड्यातील घरे तळमजला अधिक एक-दोन मजल्यांतच, आहे त्याच जागेत सामावली. मावळासारख्या परिसरात तर दाटी अजून हाताबाहेर गेलेली नाही.

२०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे या गावांच्या नियोजनाची जबाबदारी आहे. ही गावे कागदावर ग्रामीण आहेत आणि व्यवहारात शहरी. त्यामुळे शहराच्या योजना त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत आणि गावाच्या योजना त्यांना पुरत नाहीत. प्राधिकरणाने अर्ध्या-एका गुंठ्यासाठी वाढत्या घराचे दहा-बारा मंजूर नमुने तयार करून ग्रामपंचायतीत ठेवावेत. पाया व कॉलम दोन मजल्यांचे, बांधकाम आज एका मजल्याचे. नमुन्याप्रमाणे बांधणाऱ्याला वेगळ्या परवानगीसाठी खेटे घालावे लागू नयेत. आठवड्यातून एक दिवस तरी अभियंता गावात बसावा.

तरीही हे काम एकट्या शासनाच्या बळावर होणारे नाही. येरवड्यात घरोघरीचे निर्णय शक्य झाले, कारण बचत गटाच्या निमित्ताने बायका आधीच एकमेकींना ओळखत होत्या. हा विश्वास निविदा काढून विकत घेता येत नाही. सेवावस्तीत अभ्यासिका, संस्कारवर्ग, आरोग्य केंद्र चालवणाऱ्या कार्यकर्त्यांपाशी तो असतो. घरातल्या माणसांची नावे त्याला ठाऊक असतात, कोणाची आई आजारी आहे हेही ठाऊक असते. त्याच्या जोडीला अभियांत्रिकीच्या आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी सुटीचे दोन आठवडे दिले, तर गल्लीचा नकाशा, घरांची यादी आणि धोक्यातील बांधकामांची नोंद तयार होऊ शकते. मध्यमवर्गीय घरांतील निवृत्त अभियंते, सर्वेक्षक, बँक अधिकारी यांच्या अनुभवाला याहून चांगला उपयोग कोणता?

चाकण आणि तळेगावच्या कारखान्यांत जोडल्या जाणाऱ्या मोटारी देशाच्या रस्त्यांवर डौलाने धावतात. त्या जोडणारे हात संध्याकाळी ज्या खोलीत परततात, तिला खिडकी असावी, दाराशी पाण्याचा नळ असावा आणि पुढच्या वर्षी आणखी एक खण वाढवण्याची आशा असावी, ही मागणी अवाजवी नाही. त्यासाठी एखाद्या मोठ्या योजनेच्या उद्घाटनाची वाट पाहण्याची गरज नाही. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत एक विषय वाढवला, तरी आरंभ होऊ शकतो.